शनिवार, बारा वाजेपर्यंत

"थांबव ना भाऊ गाडी, पोट्टी दूध पिऊन राह्यली," रुखमा म्हणाली.

भांदकच्या फाट्यावर बिरजू ड्रायव्हरनं गाडी थांबवली. "हलत्या गाडीत पीत नाई काय हे, बाई?"

"तू पेत होता काय?"

गाडीभर लोक हसले. बिरजूही हसला आणि बिडी ओढायला खाली उतरला.

तिचा नवरा लटारू तेवढा हसला नाही. मेणकापडात गुंडाळलेले कागद त्यानं छातीशी धरले होते. तो गुणवंतराव सेठचा कारकून. सेठचा चारशे पोती हिरडा विलायतेला चालला होता, कातडी कमावायला. तिकडच्या व्यापाऱ्यानं बँकेमार्फत हमीपत्र पाठवलं होतं. माल जहाजात चढल्याचे कागद आज, शनिवारी, बारा वाजेपर्यंत नागपूरच्या बँकेत दिले की पैसे मिळणार. बाराला खिडकी बंद. मग हमी संपली आणि सौदाही.

कागद वेळेत पोचले तर सेठ त्याला मुनीम करणार होता.

"पोचू ना," रुखमा म्हणाली. बाळीचं पोट दोन दिवस दुखतंय, नागपूरच्या डॉक्टरला दाखवू, म्हणून तीही सोबत निघाली होती.

"पोचतो तर! दीड घंटा हातात ठेवून निघालो."

शेजारच्या म्हाताऱ्या दादाजींनी विचारलं, "बँकवाले तिथी बसून माल कसा पाहाते गा?"

"माल नाई पाहात, दादाजी. कागद पाहाते. जहाजाची पावती सेठच्या मेव्हण्यानं मुंबईहून आणली. आन् पोते मोजून रवाना केल्याच्या कागदावर सही कोनाची? माही!"

"तुमी मोजले काय?" रुखमानं विचारलं.

"सेठनं मोजले. खोटं निघालं तर धरतीन मलेच," तो ऐटीत म्हणाला. "पन सेठचा शब्द म्हनजे देवाचा शब्द."

काल रात्रीही तिनं हेच विचारलं होतं. सेठवर शंका घेते म्हणून तो ताटावरून उठला होता.

वरोऱ्याला बाळीनं दुपटं ओलं केलं. रुखमा नळावर गेली. दुपटं धुतलं, पिळलं, झटकलं, पुन्हा धुतलं. कंडक्टर घंटी वाजवत राहिला. "बाई, वरोऱ्यातच घर करता काय?"

शेवटी लटारूच तिला आणायला गेला. रागवायच्या तयारीनं गेला आणि बाळीला कडेवर घेऊन आला. "मायले तरास नोको देऊ, शहाणी हायेस ना तू," तो तिला म्हणत होता.

बुटीबोरीच्या अलीकडे पदराखाली झोपलेली बाळी एकाएकी किंचाळली. गाडी पुन्हा थांबली. रुखमा तिला खांद्यावर घेऊन चिंचेखाली फेऱ्या मारू लागली. चार, पाच, आठ. लोक कुरकुरले.

"माह्या घरी चार हायेत," बिरजू त्यांना म्हणाला. "रडलं का रडलं. घड्याळ दाखवून चूप होत नाई."

लटारू घड्याळच बघत होता.

नागपूरच्या स्टँडवर बाराला पाच मिनिटं कमी होती. टांगेवाल्यानं घोडा पळवला. बँकेच्या पायरीशी पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी बंद. "सोमवारी या," शिपाई म्हणाला.

"सोमवारी येऊन काय करू? हमी आज संपली."

लटारू पायरीवर बसला.

"सेठले काय सांगू?"

"सांगा, पोरीनं उशीर केला."

त्यानं बाळीकडे पाहिलं. ती मेणकापडाचा कोपरा हिरड्यांनी चावत हसत होती. त्याला तिचा राग येईना. तो उठला. "चाल. पह्यले डॉक्टरले दाखवू तिले."

"कशाले? तिले काय झालं?" रुखमानं त्याचा हात धरून त्याला पुन्हा खाली बसवलं. "ते चारशे पोते सेठच्या पोंभुर्ण्याच्या कोठारात पडून हायेत. परवा माहेराहून येतानी मी या डोळ्यानं पाह्यले."