गुरुवारची सही

सुपरवायझरने तीन नंबरच्या मशीनचा तक्ता टेबलावर सरकवला आणि गुरुवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. सही समोर उभ्या असलेल्या दोघी जावांपैकी धाकटीची होती. तिच्याच हातची, शेवटी ओढलेल्या त्या लांब रेघेसकट.

तीन नंबर म्हणजे गोदामाची फरशी घासणारं मोठं मशीन. त्याच्या पोटात चार बॅटऱ्या. काल काम सुटताना कोणीतरी त्या चार्जिंगला लावायच्या आधीच काठोकाठ पाण्याने भरून ठेवल्या. रात्रभरात बॅटऱ्या तापल्या, आतलं ॲसिड फुगून उतू गेलं आणि वायरींवर पसरलं. सकाळी इलेक्ट्रिशियनने वायर काढायला हात घातला नि तळवा भाजून घेतला. अर्धा तास नळाखाली हात धरून तो आता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. चार्जिंग आधी आणि पाणी मागून, एवढं साधं जमत नसेल तर माणसाने मशीनला हात लावू नये, असं तो तिसऱ्यांदा म्हणाला. कोणाला उद्देशून, ते सांगायला नकोच.

आता गंमत बघा. गुरुवारी धाकटी कामावर नव्हतीच. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि ती सकाळपासून दवाखान्यातल्या बाकावर बसून होती. तिला तिथे धाडलं कोणी? आत्ता तिच्याशेजारी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या थोरल्या जावेने. मला बाई दवाखान्याचा वास सोसत नाही, तूच जा बाबांना घेऊन. रजा कशाला वाया घालवतेस, माझ्या मशीनबरोबर तुझंही आवरते, कोणाला कळतंय, असं बुधवारी रात्री भांडी घासताना तीच म्हणाली होती. धाकटीला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं.

आणि सहीचं म्हणाल, तर इथली रीतच तशी. सोमवारी सकाळी सगळ्याजणी सहाही दिवसांच्या सह्या ठोकून मोकळ्या होतात. बॅटरी बघितली, सही. पाणी बघितलं, सही. हा तक्ता हीच हजेरी. रोज कोण त्या कागदाच्या मागे लागणार?

धाकटीला रडायला येत होतं, पण ती रडली नाही. नवरा पाच महिन्यांपासून घरी बसलेला, हे काम गेलं तर चूल पेटायची पंचाईत. तिने सरळ सांगून टाकलं, की काल मी नव्हते, दवाखान्यात होते, कागद आहेत.

सुपरवायझरने कागद मागितले नाहीत. विचारलं, मग ही सही काय भुताने केली?

"साहेब, शनिवारचीही सही आहे बघा," ती म्हणाली. "शनिवार अजून उजाडायचाय."

सुपरवायझरने तक्त्याकडे पाहिलं. शनिवारच्या रकान्यात तिच्या सहीखाली 'तपासले' म्हणून त्याचीही सही होती. त्याने सावकाश आपला पंजा त्या रकान्यावर ठेवला, जसा काही कागद वाऱ्याने उडणार होता. खोलीत पंखासुद्धा नव्हता.

इलेक्ट्रिशियनला स्टुलावरून यातलं काही दिसलं नाही. त्याने फक्त मान वर करून धाकटीकडे पाहिलं. दोन वर्षं तो तिला ताई म्हणायचा.

"चुकलं तर चुकलं म्हणावं माणसाने," तो म्हणाला. "वर खोटं कशाला?"

हे मात्र तिला लागलं. ती जावेकडे वळली. आता जाऊबाई बोलतील, अशी तिची खात्री होती. चूक झाली असेल घाईत. दोन-दोन मशीनं म्हणजे काय खायचं काम आहे? घाई होते. साहेबांना हातापाया पडून दोघी मिळून सांगू. एका ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायका, एकमेकींना सांभाळून घेणार नाहीत तर कोण घेणार?

सुपरवायझरनेही थोरलीलाच विचारलं, पंजा न उचलता, की काल ही कामावर होती की नव्हती, तुम्ही तर एकाच घरातल्या.

थोरलीने पदर खांद्यावर नीट घेतला. तक्त्याकडे पाहिलं. धाकटीकडे नाही पाहिलं.

"सही तर तिचीच आहे," ती म्हणाली.

नोकरीचं नंतर बघू, हे काय झालं, हेच धाकटीला कळेना. संध्याकाळी हिच्याच शेजारी उभं राहून पोळ्या लाटायच्या आहेत, हिच्या मुलांना आपल्या ताटातलं वाढायचं आहे. सासऱ्यांच्या डोळ्यात औषध कोण घालणार, तेही आपणच. तिला तोंड उघडून ओरडावंसं वाटलं, पण तोंडातून शब्द फुटेना. आणि गप्प राहिलेलं माणूस खोटं ठरतं, ते ठरलंच.

सुपरवायझरने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिने रबरी हातमोजे, चष्मा आणि किल्ली टेबलावर ठेवली. हातमोजे तिने सवयीने आधी फडक्याने पुसून घेतले.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा सुपरवायझर थोरलीला विचारत होता, की नवीन बाई मिळेपर्यंत तीन नंबर सांभाळाल का, बॅटरीचं पाणीबिणी कळतं ना नीट, नाहीतर पुन्हा कोणाचा तरी हात जायचा.

"न कळायला काय झालं?" थोरली म्हणाली. "तिला मीच तर शिकवलंय."