वरचा खटका

साहेबरावानं मोठं मशीन तिसऱ्यांदा उचललं आणि तिसऱ्यांदा खाली ठेवलं. मग उगाचच दुकानाच्या दारापर्यंत जाऊन रस्त्यावरचे कंटेनर बघून आला. चाकणच्या त्या दुकानात लाकूड कापायची मशिनं ओळीनं मांडलेली होती, आणि या माणसाच्या पायाला काही थारा नव्हता.

"आवो, बसा की जरा," त्याची बायको सोजरबाई म्हणाली.

"चार वर्षं बसलोयच की!"

खोटं नव्हतं ते. महाळुंग्याच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली, तेव्हापासून साहेबराव गेटवरच्या खुर्चीत होता. येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा, जाणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा. एवढा मशीनवरचा गडी, बसून बसून पार आंबून गेला. आता हायवेला जो उठतो तो चुलीवरची मिसळ नाहीतर चुलीवरचं मटण लावतोय, आणि चूल म्हटली की सरपण आलंच. तीन हॉटेलवाल्यांनी सोमवारपासून लाकूड टाका म्हणून सांगितलं होतं. खुर्ची सुटायची ही एकच वाट होती, आणि साहेबरावाला लाकूड स्वतःच्या हातानं कापायचं होतं. गडी लावून पुन्हा बघतच बसायचं, तर गेट काय वाईट होतं?

"काका, जोडी घ्या," दुकानदार अवधूत म्हणाला. वयानं तरणा, पण धंद्यात मुरलेला. "बुंध्याला हे बावीस इंची, फांद्यांना हे बारा इंची. मोठ्यानं फांद्या छाटत बसाल तर दुपारपर्यंत खांदे गळतील. लहान्यानं बुंधा कापाल तर महिन्यात मशीन माझ्याकडंच परत आणाल."

"चालवून बघू दे."

दुकानामागं बाभळीचा एक ओंडका पडलेला होता. मशीनच्या मुठीला दोन खटके. खालचा बोटानं ओढायचा, वरचा तळहातानं दाबायचा; दोन्ही दाबले तरच दातेरी साखळी फिरणार. लहान मशीनची मूठ बारीक होती. साहेबरावाचं करंगळीजवळचं बोट खालच्या खटक्याला बरोबर पोचलं, तळहात वर नीट बसला. भर्रर्र करून फांदी तुटून पडली. साहेबराव असा हसला, की सोजरबाईला चार वर्षांनी आपला नवरा दिसला.

मोठ्याची मूठ मात्र जाड. बोट खाली पोचवलं की तळहात वरच्या खटक्यावरून उठायचा. इंजिन नुसतं घुरघुरायचं, साखळी जागची हलायची नाही. एकदा झालं, दोनदा झालं, पाचदा झालं. साहेबरावाच्या कपाळावर घाम जमला.

"काका, जोर नका करू," अवधूत म्हणाला. "वरचा खटका मुद्दाम दिलाय. हात निसटला की साखळी थांबते."

"म्हाईत हाय." साहेबरावानं इंजिन बंद केलं. "टेप हाय का?"

"टेप कशाला?"

"दे तर!"

टेप आली. साहेबरावानं ती दातानं तोडली, वरचा खटका दाबून धरला आणि मुठीभोवती झरझर दोन वेढे दिले. शेवटच्या टोकाला नखाएवढी घडी घातली. दहा बोटांच्या माणसाला जमलं नसतं इतक्या झटक्यात सगळं झालं.

"आता बघ कसं पळतंय!"

"अहो काका, वॉरंटी जाईल!"

सोजरबाई वाकून बघत होती. "ह्ये टोक कशापायी दुमडलं?"

"सेफ्टीवाला राउंडला आला की एका ओढीत सुटतंय," साहेबराव सवयीनं बोलून गेला.

आणि त्यानं घाईघाईनं रीळ अवधूतच्या हातात कोंबलं.

चार वर्षं घरात एकच वाक्य चालत आलं होतं, मशीननं दगा दिला. सोजरबाईनं आल्या-गेल्याला हेच सांगितलं होतं. त्या न पाहिलेल्या मशीनला तिनं शिव्या किती घातल्या असतील, गणती नाही.

"तितंबी असंच बांधलं व्हतं?"

"सगळेच बांधायचे," साहेबराव म्हणाला. "दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायची. तसं दाबत बसलं तर टार्गेट व्हायचं न्हाई. एक बांधलं की एक हात मोकळा. दाबून झालेला जॉब काढून घ्यायला."

"सगळ्यांचं न्हाई इचारलं मी."

"व्हय," साहेबराव म्हणाला. "मीच बांधलं व्हतं."

सोजरबाईला राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच्या मागोमाग रडू. परक्या माणसापुढं तिनं दोन्ही गिळलं. दुमडलेलं टोक धरून तिनं टेप ओढली. खरंच, एका ओढीत सुटली.

"दोन्ही द्या," ती अवधूतला म्हणाली. "बारकं ह्यांना. मोठं मी धरीन."

"तू?" साहेबराव भडकला. "बाई बुंधा कापती अन् नवरा फांद्या! लोक हसतील."

"हसू द्या. लगीन झाल्यापासनं कुऱ्हाडीनं बाभळी फोडतीय, तवा कोण हसलं न्हाई."

साहेबरावानं ओंडक्याभोवती एक चक्कर मारली. दारापर्यंत गेला, परत आला, आणखी एक चक्कर मारली. अवधूत टेपचं रीळ हातात धरून नुसता उभा होता. शेवटी साहेबराव बायकोच्या मागं येऊन उभा राहिला. तिचा डावा हात त्यानं पुढच्या दांडीवर ठेवला, उजवा मुठीवर ठेवला, आणि तिचा तळहात वरच्या खटक्यावर दाबून बसवला.

"ह्यो असा दाबून धरायचा."

"आन् हात निसटला मंजी? बंद पडंल की मशीन."

"पडू दे," साहेबराव म्हणाला. "बंद पडू दे."