रोगनिदानाचा शेवटचा वर्ग

रोगनिदानाच्या वर्गात त्या वर्षी हर्षल खैरनार हा एकच विद्यार्थी उरला होता. प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी आजार अंगात रुजण्याआधीच ओळखायची, त्यामुळे लक्षणं असलेला रोगी शोधूनही सापडत नसे. एक दिवस करमळकर मॅडमनी पुस्तक मिटलं आणि त्या स्वतःच तपासणीच्या टेबलावर आडव्या झाल्या.

"विचार मला," त्या म्हणाल्या.

हर्षल जवळ गेला. त्यांचे डोळे पिवळे दिसत होते.

"पोटात दुखतं?"

"नाही."

"वजन?"

"चार महिन्यांत अकरा किलो उतरलं."

त्याने उजव्या बरगडीखाली हात फिरवला. बोटांना गुळगुळीत गोळा लागला.

"पित्ताशय फुगलंय, पण दुखत नाही. म्हणजे खडे नसावेत. खाली पित्ताची नळी कशाने तरी दाबली गेलीय. बहुतेक स्वादुपिंडात..."

आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या डोक्याने उत्तरापर्यंत पोचला होता. त्या आनंदातच त्याला उत्तराचा अर्थ कळला.

"कर्करोग."

"शाब्बास."

"मॅडम, तुमची पट्टी?"

"दीड वर्षापूर्वीच काढली. तुला शिकवायला रोगी कुठून आणणार होते मी?"

हर्षलने हातापाया पडून त्यांना इस्पितळात नेलं, पण उपचारांची वेळ टळून गेली होती. सहा आठवड्यांत मॅडम गेल्या. जूनमध्ये विभागही बंद झाला. हर्षलला पट्ट्या दुरुस्त करायची नोकरी लागली. आता अकरा वर्षं झाली. मला काय होतंय ते बघा, असं म्हणत त्याच्याकडे आजवर कुणीही आलेलं नाही.