दहा माणसं

शेगावात ज्यूंचं घर एकच, निवृत्त रेल्वे गार्ड एलिझर पेणकरांचं. हाडांच्या कॅन्सरने चौदा महिने तळमळून त्यांची एकुलती मुलगी सिपोरा सोमवारी गेली. तोवर त्यांनी शनिवारची एकही प्रार्थना चुकवली नव्हती. मृतांसाठीची प्रार्थना दहा ज्यू पुरुषांशिवाय म्हणत नाहीत, हे कळल्यावर शेजारचा तुळशीराम गल्लीतले नऊजण घेऊन आला. “आम्ही ज्यू नाही काका, पण दहा तर आहो. म्हणा.” एलिझरनी पुस्तक उघडलं. पाठ असलेली पहिली ओळ ओठांपर्यंत येऊन थांबली. रडू नव्हतं, रागही नव्हता. त्यांनी पुस्तक मिटलं. “यात तिचं नाव नाही, तुळशीराम. नुसती देवाची स्तुती आहे. ती मले आता जमत नाही.” कोणी उठलं नाही. “मंग तिचंच सांगा,” तुळशीराम म्हणाला. पुस्तक बाजूला ठेवून एलिझर म्हणाले, “तिले गाणं येत नव्हतं, तरी गायची.”