दाराचा आवाज

परीक्षक तिसऱ्यांदा दारापाशी पोचला आणि तिसऱ्यांदा मागे फिरला.

तो खेळात कुठे पोचलाय ते तिला तिच्या लॅपटॉपवर कळत होतं; त्याच्या समोरचा पडदा मात्र काळाच होता. तो काळाच राहायचा, कारण तिने बनवलेला हा खेळ कानांनी खेळायचा होता. खेळणारा एका बंद घरात अडकलेला. फ्रिजची घरघर आली की स्वयंपाकघर, नळाची टपटप आली की न्हाणीघर, आणि फटीतून जिन्याचा घुमणारा आवाज आला की समजायचं, हेच दार. कडी काढायची, बाहेर पडायचं, जिंकलात. सगळे आवाज तिने याच घरातून उचलले होते. दुसरं घर कुठून आणणार?

परीक्षकाला जन्मापासून दिसत नव्हतं. असल्या खेळांचा तो किडा होता. भल्याभल्यांचे खेळ चहा निवायच्या आत निकालात काढायचा. खेळ विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीने त्याला मुद्दाम तिच्या घरी पाठवलं होतं. त्याने होकार कळवला की खेळ कंपनीचा आणि ती कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात. वडिलांना आपल्याकडे न्यायचं भावाने एकदाचं कबूल केलं होतं. वडिलांना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगायला तिची जीभच रेटत नव्हती.

"अहो, दार समोर आहे तुमच्या," ती न राहवून म्हणाली. "कडी काढा की!"

"माहितीये. पण आतल्या माणसाचं काय?"

"कुठला माणूस?"

"दारापाशी आलं की मागून बोलावतो तो. अख्खं घर पालथं घातलं, सापडायचं नाव नाही. चांगलाच लपवलाय हं तुम्ही."

"खेळात दुसरं कोणी नाहीच आहे. तुम्ही एकटेच..."

बोलता बोलता ती उठली, आतल्या खोलीत गेली, वडिलांची घसरलेली उशी वर घेतली, त्यांना कुशीवर वळवलं आणि परत येऊन बसली.

"हं, काय म्हणत होते मी? एकटेच आहात तुम्ही."

परीक्षकाने हेडफोन एका कानावरून सरकवला होता. "आत्ता मध्येच कशाला उठलात?"

"वडील आहेत आत. त्यांना काही हवं असलं की..."

"लोखंडी दांडीवर काहीतरी वाजवतात. दोनदा, मग थांबून एकदा."

"अंगठी. पलंगाच्या दांडीवर," ती म्हणाली. अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांचा आवाज खोलीबाहेर पोचत नव्हता. एक हात तेवढा चालायचा.

"तोच माणूस," परीक्षक म्हणाला.

तिने हेडफोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. जिन्याचा आवाज. कडी. आणि कडीच्या मागे, अगदी बारीक, टक टक. टक.

हा दाराचा आवाज तिने शेकडो वेळा ऐकला होता. फ्रिजच्या घरघरीत मिसळलेला शेजाऱ्यांचा खोकला तिने तांदळातला खडा वेचावा तसा वेचून काढला होता. हा अंगठीचा आवाज मात्र तिला कधी ऐकूच आला नाही. तो ऐकायचा नसतोच मुळी. तो आला की उठायचं असतं.

तिला आधी लाज वाटली, मग राग आला. आपण बांधलेल्या दारातूनसुद्धा सुटका नाही?

"पुसता येईल?" परीक्षकाने विचारलं.

"नाही. कडीच्या आवाजातच मिसळलाय. नवा घ्यावा लागेल."

"मग घ्या की. मी कुठे पळून चाललोय?"

ती आत गेली. "बाबा, मला दाराचा आवाज घ्यायचाय. पाच मिनिटं वाजवू नका. जमेल ना?"

वडिलांनी चांगल्या हाताच्या अंगठ्याने बोटातली अंगठी पुढे ढकलली. बोटं इतकी वाळली होती की ती आपसूक निघून आली. त्यांनी ती तिच्या पुढे केली. तिने खिशात टाकली.

रेकॉर्डर सुरू करून तिने कडी काढली, बाहेर पाऊल टाकलं आणि दार ओढून घेतलं. आवाज झकास आला. आता फक्त थोडी शांतता हवी होती, शेवटाला जोडायला.

जिना रिकामा होता. ती एक पायरी उतरली, मग आणखी एक. आतून कोणी बोलावत नव्हतं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच कोणी बोलावत नव्हतं. तिला हलकं वाटायला हवं होतं, पण ती थांबून कान देऊ लागली. उशी पुन्हा घसरली असेल तर? ठसका लागला असेल तर? हाक मारायची तर कशाने मारतील? अंगठी तर तिच्या खिशात होती.

ती पायऱ्या चढून धावली, दार ढकललं, परीक्षकाच्या खुर्चीला धडकून आतल्या खोलीत शिरली.

"बाबा!"

वडील होते तसेच पडून होते. हात छातीवर, मूठ घट्ट आवळलेली.

"वाजवलं... नाही मी," एकेक शब्द जुळवत ते म्हणाले. तिला लागलेली धाप त्यांनी पाहिली आणि मूठ सैल सोडली. "मग... आलीस कशाला?"

तिच्या हातातला रेकॉर्डर अजून चालूच होता.