झीलकऱ्याची पोरगी

दुपारी तीन वाजता आंधळगावच्या मंडईच्या जत्रेत दीपमालाचं गाणं तिच्या वडिलांनीच बिघडवलं.

दीपमाला ब्लूज गाते. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या दुःखातून आलेलं हे गाणं ती मराठीत रचते. पुण्याच्या हॉटेलांत आठ वर्षं गायली. जेवणारे सिनेमातलं काहीतरी म्हणा, म्हणायचे. गावात ती अजूनही श्यामराव झीलकऱ्याची पोरगी. आजोबा खडी गंमतीचे, म्हणजे उभ्याने रंगणाऱ्या तिकडच्या तमाशाचे, शाहीर. बाप शाहिराच्या खांद्यामागे उभा राहून त्याच्या ओळीचा शेवट उचलणारा, जन्मभर. श्यामरावांनी तिचं गाणं कधी ऐकलं नव्हतं.

आता बंगळूरच्या एका कंपनीने तिचं एक गाणं मागितलं होतं. ते लोकांसमोर गायलेलं हवं होतं आणि मुदत त्याच संध्याकाळची होती. दिवाळीनंतरच्या मंडईत लोकांना तोटा नव्हता. गंमत उभी राहायच्या आधी मंडळाने तिला एका गाण्यापुरता मंच दिला. निवेदक ईश्वर म्हणाला, “आता आपली दीपमाला इंग्रजी गंमत करून दाखवते.” लोक हसले. ती हसली नाही.

“दार उघडं, दिवा चालू, घरी मानूस नाही.”

ओळ संपली की ती थांबते. त्या जागेत तिचा साथीदार कमलेश याची गिटार उत्तर देते. गिटारचा पहिला सूर निघाला आणि तिच्या कानाशी आवाज उठला, “नाही जी, मानूस नाही...”

गंमतीसाठी फेटा बांधून मंचामागे बसलेले श्यामराव वर आले होते. कानावर हात, डोळे मिटलेले. पुढच्या ओळींना तर ते तिचा शब्द संपायचीही वाट पाहिनात. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. कमलेशने हात थांबवला. तिने कसंबसं गाणं पुरं केलं. दुसऱ्यांदा गायला मंच नव्हता. गंमतीची ढोलकी सुरू झाली होती.

खाली उतरताच तिने वडिलांना गाठलं.

“थे जागा गिटारची होती, बाबा. तुमाले कोनं सांगतलं झील धराले?”

श्यामराव गोंधळले. “तू थांबली ना वं. लोकायले वाटलं असतं, पोरीच्या मांगं कोनीच नाही.”

फेटा सावरत ते ढोलकीकडे गेले. दुसरं काहीच हाताशी नसल्याने मंचावर रेकॉर्ड झालेलं तेच गाणं तिने पाठवलं.

उत्तर सकाळी आलं. गाणं घेतो, मागच्या म्हाताऱ्याचा आवाज तेवढा काढून द्या. दीपमाला पहिल्याच एसटीने भंडाऱ्याला कमलेशकडे गेली. आत्ताच्या आत्ता काढ, म्हणाली. कमलेश दुपारपर्यंत कानाला हेडफोन लावून बसला. मग त्याने तो उतरवला.

“निघूनच नाही राहिला. काका तुह्याच माइकात गायले. त्यायले काढलं का तुहा बी आवाज जाते.”

कंपनीला उत्तर अजून गेलेलं नाही.