कशात बनवायचं?

गिऱ्हाइकाने घरबसल्या कापड निवडावं, ते स्क्रीनवरच्या खिडकीला लावून बघावं आणि तिथेच ऑर्डर द्यावी, एवढंच ताईला हवं होतं. पडद्यांचं दुकान तिचं, प्रोग्रामर धाकटा भाऊ. पण कोणता प्लॅटफॉर्म आणि कोणतं टूल घ्यायचं, इथे घोडं अडलं होतं. हिवाळा सरला तरी भावाचा अभ्यास सरेना. तिकडे समोरच्या दुकानाची वेबसाइट सुरू होऊन ताईचं निम्मं गिऱ्हाईक पळालं.

"आज ठरव, नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाला तरी काम देते," ताईने निर्वाणीचं सांगितलं.

भावाने लॅपटॉप पुढे सरकवला. तुलना तयार होती. टूलचं नाव ओढलं की ते दुसऱ्याच्या शेजारी येऊन उभं राहायचं, रंग बदलायचे, वेगाचे आणि खर्चाचे खांब डोळ्यांदेखत वर-खाली व्हायचे. ताईने दोन-चार नावं स्वतःच इकडची तिकडे केली आणि ती हरखलीच.

"अरे, मला हेच तर हवं होतं! ही नावं उडव आणि इथे माझे पडदे टाक. हे कशात बनवलंस रे?"

"ते होय?" भाऊ जरा ओशाळला. "ते तुलनेत घेतलंच नाही, ताई. ते मला येतंच."